हिरवी चौकट

सलोनीच्या वडिलांच्या चौकटीत भय्यासाहेबांचं नाव होतं, आणि ती चौकट हिरवी झाली होती. पद्मजाबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. नाव तेच होतं. भय्यासाहेब म्हणजे त्यांचे यजमान. त्यांना जाऊन चार वर्षं होत आली होती, आणि या दोघांना मूलबाळ कधी झालंच नव्हतं. आता फोनच्या पडद्यावर ते नऊ वर्षांच्या एका मुलीचे वडील होऊन बसले होते, आणि शेजारी बरोबरची एक हिरवी खूण होती, गृहपाठावर मास्तरांनी करावी तशी. बाहेर नेपियर टाउनच्या रस्त्यावर दुपार ढळत होती. समोरच्या दवाखान्यापुढे ऑटोवाले भांडत होते. पद्मजाबाईंना आधी हसू आलं. मग त्या हसण्यातच जीभ चावल्यासारखं काहीतरी झालं. सकाळी सलोनीच्या आईचा, यामिनीचा, फोन आला होता. "मॅडम, सलोनी क्लासला नको म्हणून राहिली. काय झालं ते सांगत नाही. तुम्ही काल नव्हत्या न?" नव्हत्या. काल त्या दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या, आणि त्यांचा घरचा क्लास नव्या शिक्षिकेने, रुचिराने घेतला होता. दात काढायला गेलं आणि घरात हे झालं.

रुचिराला फोन लावला तेव्हा ती मुलगी सराफ्यात बहिणीबरोबर कानातलं पाहत होती. मागे दुकानदाराचा आवाज येत होता. "हो न मॅडम, तिची वडिलांची फील्ड लाल दिसत होती. बाकी सगळ्यांची पूर्ण होती. विपुल सरांनी सांगितलं होतं, एकपण लाल राहिली नाही पाहिजे. मी प्यारसे विचारलं तिला, बेटा, पापा का नाम बोलो. ती बोललीच नाही. मुलं हसायला लागली. मग मी पुन्हा विचारलं." "सगळ्यांसमोर?" "क्लासमध्येच होतो न, मॅडम." "मग?" "मग बोलली, भय्यासाहेब. मुलं आणखी हसली. मला वाटलं जुनं नाव आहे म्हणून हसून राहिले." पद्मजाबाईंनी फोन ठेवला. शिकवताना रुचिरा बसते त्या खुर्चीच्या बरोबर मागे, भिंतीवर, चंदनाच्या हारातले भय्यासाहेब होते, आणि खाली पितळी पट्टीवर त्यांचं नाव कोरलेलं होतं. रुचिराची पाठ त्यांच्याकडे. मुलांची तोंडं त्यांच्याकडे. सगळी मुलं हसत असताना त्या पोरीने समोर पाहिलं असेल आणि समोर जे लिहिलेलं होतं ते वाचलं असेल. परीक्षेत असंच करतात मुलं. उत्तर येत नसलं की भिंतीवर शोधतात.

या मूर्खपणाला मुळापासून पाहिलं पाहिजे, असं त्यांना वाटलं. मूर्खपणाचं मूळ शोधणं ही त्यांची जुनी सवय होती. मुलांच्या चुका त्या अशाच शोधत, एक एक पायरी मागे जात, कुठे हातचा विसरला तिथपर्यंत, आणि मूल अडकून बसलं की म्हणत, "विचार कर. घाई नाही." मुलांपाशी ती घाई त्यांना खरोखरच नसे. एकेका भागाकारासाठी त्या चहा गार होऊ देत. मोठ्या माणसांपाशी मात्र त्यांचा धीर पहिल्याच वाक्याला संपे. मोठ्यांच्या चुकांमध्ये हातचा विसरलेला नसतो, तो खिशात घातलेला असतो, असं त्यांचं मत होतं. विपुलचंच पाहा. विपुल भय्यासाहेबांचा पुतण्या. बंगळूरची नोकरी सोडून परत आला तेव्हा त्याने येऊन जाऊन या क्लासचीच काळजी वाहायला घेतली. पण त्याने एक चांगलं काम केलं होतं, हे त्या नाकारत नव्हत्या. फोनमध्ये मुलांची माहिती ठेवायची सोय करून दिली होती. "काकू, ही की-व्हॅल्यू आहे," तो म्हणाला होता, "एक नाव दे, त्याच्याखाली वाटेल ते ठेव. नंतर फक्त नाव सांग, आतलं सगळं तसंच्या तसं मिळेल." एवढं एक वाक्य त्याच्या तोंडून शहाणपणाचं निघालं. साठीनंतर त्या स्वतः पायथॉन, म्हणजे कोड लिहायची भाषा, शिकल्या होत्या, शनिवारच्या मुलांना शिकवता यावं म्हणून, आणि त्या मुलांना त्यांनी ते दोन मिनिटांत समजावून दिलं. भिंतीवर खुंट्या आहेत. प्रत्येक खुंटीवर एक नाव. प्रत्येक खुंटीला एक पिशवी. कुणाच्या पिशवीत काय असेल त्याचा काही नियम नाही. वेदांगच्या पिशवीत भोवरा असेल, म्हणून सलोनीच्याही असलाच पाहिजे असं नाही. नाही म्हणजे नाही. नाही त्याची खूणसुद्धा नाही.

आणि पिशव्या त्यांनी किती प्रेमाने भरल्या होत्या. वर्ग सुटला की त्या फोनपाशी बोलत आणि फोन लिहून घेई. अक्षत: मागून हाक मारू नये, दचकतो आणि मग तासभर काही सुचत नाही. वेदांग: पाढे 7-8 कच्चे, बाकी तलवार. सलोनी: डावखुरी, भिंतीकडच्या बाजूला बसवू नये, हात अडतो, वजाबाकी आवडते. वजाबाकी आवडणारं मूल त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं होतं. यामिनी तिला पहिल्यांदा घेऊन आली तेव्हा दारातच म्हणाली होती, "आम्ही दोघीच आहोत, मॅडम." पद्मजाबाई "बरं" म्हणाल्या होत्या आणि मुलीला विचारलं होतं की तुला बेरीज आवडते की वजाबाकी. सलोनीच्या पिशवीत वडील नव्हते, कारण ते ठेवायचा प्रसंगच आला नव्हता. कुणी काही लपवलं नव्हतं. त्यात शोक करण्यासारखंही काही नव्हतं. भोवरा नसतो, तसे वडील नव्हते.

मग नागपूरच्या कुठल्याशा मोठ्या क्लासवाल्या कंपनीने विपुलला गाठलं. त्यांना असे छोटे क्लास आपल्या पंखाखाली घ्यायचे होते. पंख! शहरभर चौकाचौकात त्यांचे जाहिरातीचे फलक लागले होते, टाय लावलेली पोरं, हाताची घडी, चेहऱ्यावर असा भाव की जणू तेराचा वर्ग यांनीच शोधून काढला. त्या कंपनीला मुलांची माहिती शीटमध्ये हवी होती. आडव्या ओळी, उभे रकाने. विपुलने कोड लिहिलं. सगळ्या पिशव्या उघडायच्या, कुणाच्याही पिशवीत जे जे काही सापडेल त्याच्या नावाचा एक रकाना पाडायचा, आणि प्रत्येक मूल त्या सगळ्या रकान्यांपुढून चालवत न्यायचं. तो पडदा त्याने अभिमानाने दाखवला होता तेव्हा पद्मजाबाईंना पहिल्यांदा शिसारी आली. केवढं ते रुंद मैदान. 'मागून हाक' नावाचा रकाना, त्यात एकट्या अक्षतचा शब्द, आणि खाली सगळी मुलं रिकामी, रिकामी, रिकामी. पिशवीत जे नसतं ते नसतंच. इथे जे नसेल त्याचंही घर बांधलेलं होतं आणि ते उघडं पडलेलं होतं. वेदांगच्या पाढ्यांचं तर त्या शीटने परस्पर बारसं केलं होतं. '7-8' हे तिला तारीख वाटलं. वेदांगसमोर लिहिलं होतं: सात ऑगस्ट. "सात ऑगस्टला काय आहे वेदांगचं?" त्यांनी विचारलं होतं. विपुल म्हणाला, "चलो, ते छोटं आहे, काकू, ठीक करून टाकतो." ठीक म्हणजे त्याने तो रकानाच उडवला. तसाच 'मागून हाक'ही उडवला, आणि त्याच्यासारखे बाकीचेही. "याच्यावर फिल्टर कोणता लावू मी?" आणि मोकळ्या झालेल्या जागी कंपनीने पाठवलेले रकाने चिकटवले. वडिलांचं नाव, हे सक्तीचं. वडिलांचा व्यवसाय. घरचं उत्पन्न.

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. माणसाने आपला मूर्खपणा आपल्या पाटीवर ठेवावा. पण आता स्क्रीनवर बोट फिरवताना पद्मजाबाईंना दिसत होतं की त्याने शीट परत आत भरली होती. जुनी पिशवी खुंटीवरून काढायची आणि शीटमधल्या ओळीची नवी पिशवी शिवून टांगायची, असं ते कोड होतं. त्यात वाटेत कुठे विचारलेलं नव्हतं की चौकट रिकामी असेल तर काय. रिकामी असेल तर रिकामंच पिशवीत टाकायचं. असं सलोनीच्या पिशवीतून डाव्या हाताचं, भिंतीचं, वजाबाकीचं सगळं गेलं होतं, आणि वडील नावाची एक पोकळ वस्तू आत आली होती. पोकळ असलं की लाल. लाल असलं की विचारा. सगळ्यांसमोर, प्यारसे.

विपुल आला तो हेल्मेट हातात घेऊन, घाईत. "काकू, काहून बोलावलं? ओमतीच्या बँकेत उभा होतो मी." त्यांनी फोन पुढे धरला. त्याने वाचलं, आणि त्याच्या तोंडावर जे पसरलं ते पाहून त्यांना वाटलं, शिकवलेलं सगळं वाया गेलं. यालाही आपणच भागाकार शिकवला होता. तो हसत होता. "काका? काका बाप बनून गेले?" "हस." "अच्छा, सॉरी. पण काकू, हिरवं आहे न. राहू दे. कंपनीला कोण भय्यासाहेब, काय माहीत? संध्याकाळी शीट नागपूरला जाऊन राहिली. एकपण लाल नको, असं त्यांनी लिहून दिलंय मला." "म्हणजे हिरवं असलं की झालं." "सिस्टम तशी आहे." "आणि पोरगी?" "कोणती?" तो म्हणाला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, भांड्याला चिकटलेल्या करपलेल्या दुधाकडे पाहतात तसं. पण त्याच क्षणी त्यांना भय्यासाहेब दिसले, त्याच्या मागच्या खुर्चीत, त्याच्यासारख्याच बेतशीर खांद्यांचे. ते फॅक्टरीत हेडक्लार्क होते. आयुष्यात एकही चौकट त्यांनी रिकामी सोडली नव्हती. जिथे लागू नाही तिथे ते वळणदार अक्षरात 'लागू नाही' असं लिहीत. अपत्ये: लागू नाही. त्यांनी ते पहिल्यांदा लिहिलं तेव्हा पद्मजाबाई शेजारी उभ्या होत्या, आणि शाई वाळावी म्हणून भय्यासाहेबांनी फुंकर घातली होती, इतक्या शांतपणे, की तेव्हापासून त्या माणसाबद्दल त्यांच्या मनात काहीतरी कायमचं आंबलं. रडला असता तर चाललं असतं. चिडला असता तरी. तो फुंकर घालत होता. नंतर तो काही सांगायला लागला की त्या वाक्य पुरं करून टाकत. "आज फॅक्टरीत ना—" "साहेब रागावले." "हो. म्हणजे तसं नाही, पण—" "पण ठीक आहे." सेवानिवृत्तीनंतर तर त्याला कामच उरलं नाही. मुलांच्या पेन्सिलींना ब्लेडने टोकं करत बसे, लांबलचक, सुईसारखी. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा भरून टोकं करून ठेवलेल्या पेन्सिली तो मागे ठेवून गेला होता. त्या अजून संपल्या नव्हत्या. येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला पद्मजाबाई त्यातली एक देत. "घ्या रे, संपवा एकदाच्या."

"बैस," त्या विपुलला म्हणाल्या आणि लॅपटॉप उघडला. दर शनिवारी मुलांकडून त्या सगळ्या पिशव्यांची एक प्रत काढवून घेत. मुलांच्या दृष्टीने तो खेळ होता, खुंट्या मोजायचा. गेल्या शनिवारची प्रत शाबूत होती. "मी काय करून राहिले ते बघ आणि मधे बोलू नकोस." त्यांनी एकेक नाव घेऊन जुनी पिशवी परत जागेवर टांगणारं लहानसं कोड लिहिलं. वेदांगचे सात-आठचे पाढे परत आले. अक्षतला कुणी मागून हाक मारणार नव्हतं. विपुल खुर्चीच्या कडेवर बसून हेल्मेटचा पट्टा उघडझाप करत होता. "मग नागपूरला काय देऊ मी, काकू? डील जाईल हातची." "शीट दे न. हवी तेवढी दे. इथून बाहेर ने. पण बाहेरचं आत आणायचं नाही. तो रस्ता मी बंद केला." "त्यांच्याकडे लाल होईल." "त्यांच्या घरी होऊ दे लाल. त्यांच्या घरी कुणाचा बाप विचारायला रुचिरा जाणार नाही." तो उठला. दारात थांबून म्हणाला, "तू माझ्याशी नेहमी असंच बोलते. काकांशीपण असंच बोलायची." आणि स्कूटर सुरू केली. असली वाक्यं माणसं दारातूनच का बोलतात, असं त्यांच्या मनात आलं. भ्याड.

मग त्यांनी पाहिलं, की कोडमध्ये एक नाव आपण वगळलं होतं. सगळ्या पिशव्या परत आल्या होत्या, सलोनीची सोडून. बोटांनी ते आधीच ठरवलं होतं, त्यांना न विचारता. भय्यासाहेबांचं नाव एका क्षणात काढता आलं असतं. पण ते नाव त्या पोरीने सगळा वर्ग हसत असताना उच्चारलं होतं. ते तिच्या पाठीमागे काढून टाकायचं म्हणजे पुन्हा तिच्याबद्दल परस्परच काहीतरी करायचं. आणि आणखी एक गोष्ट होती, ती त्यांना आवडली नाही. त्या हिरव्या चौकटीकडे त्या पुन्हा पुन्हा पाहत होत्या. त्या माणसाने लागू नाही म्हणून लिहून टाकलेली जागा अशी आयती भरली गेली, आणि आपल्या नावाची चौकट तर कुठे नाहीच. हेवा! सत्तरीच्या आसपास, एका मेलेल्या हेडक्लार्कचा! त्यांनी लॅपटॉप कापडी पिशवीत घातला आणि मुलांना 'आज उशिरा' असा निरोप पाठवून ऑटोला हात केला.

यामिनी ज्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसे तो समोरचा नव्हे, पण फार लांबही नव्हता. शाळा सुटल्यावर सलोनी तिथेच कोपऱ्यातल्या बाकावर अभ्यास करत बसे, रुग्णांच्या खोकल्यात. पद्मजाबाईंना पाहून तिने वहीत डोकं खुपसलं. डावा हात कागदावर आडवा पडलेला, लिहिलेलं सगळं झाकून. यामिनी काउंटरवरून उठायला लागली तशी त्यांनी हाताने तिला बसवलं आणि स्वतः बाकावर, त्या मुलीच्या उजव्या बाजूला बसल्या. हात अडू नये म्हणून.

"चूक आमची होती," त्या म्हणाल्या. "तुझी नाही. आमच्या कोडमध्ये चूक होती. दाखवू?"

सलोनीने मराठी ऐकलं आणि उत्तर हिंदीत दिलं, ती नेहमी तसंच करे. "सब हँस रहे थे. तो मैंने सामने देखा. नाम लिखा था."

"वाचलंस ते बरोबर वाचलंस."

"आप गुस्सा हो?"

"तुझ्यावर? नाही."

"उन पे? जिनका नाम है?"

पद्मजाबाईंनी लॅपटॉप मांडीवर उघडून तिची पिशवी पडद्यावर आणली. शनिवारचा खेळ सलोनीला पाठ होता, तिने लगेच ओळखलं. "ये मेरी नहीं है," ती म्हणाली. "मेरी में लेफ्ट हँड था." "हो. ते परत आणून देते. पण हे जे आहे, वडील, हे तुझं तू ठरव. ठेवायचं की काढायचं." "निकालूँगी तो फिर लाल हो जाएगा." "नाही होणार. पुसलं तर लाल होईल. आपण पुसायचं नाही. चौकटच काढायची. मग विचारायला काही राहतच नाही." मुलीने याचा विचार केला. तो दिसत होता, कपाळावर, जसा वजाबाकीत दिसे. पद्मजाबाई थांबल्या. आतून डॉक्टरांनी पुढचा पेशंट बोलावला, एक म्हातारा काठी शोधत उठला, यामिनीने त्याला काठी दिली. मग सलोनीने डाव्या हाताच्या बोटाने एक ओळ लिहिली, चुकली, पुन्हा लिहिली, कळ दाबली. पिशवी पुन्हा उघडून पाहिली. आता वडील नव्हते. नव्हते, आणि नसल्याची खूण नव्हती. पद्मजाबाईंनी शनिवारच्या प्रतीतून बाकीचं आत टाकलं. डावखुरी. भिंत. वजाबाकी. सलोनीने ते सगळं ओठ हलवत वाचलं.

"कल से आऊँ?"

"आजच ये. पाचला उघडते वर्ग."

ती कंपास आवरू लागली. आवरता आवरता थांबली. "मॅडम, उनके थैले में क्या था?"

"कुणाच्या?"

"फोटोवाले. भय्यासाहेब."

त्यांच्या डोळ्यांपुढे एक आडवी ओळ आली. नाव, वडिलांचं नाव, खातं, हुद्दा, रक्तगट, जन्मखूण, सगळं वळणदार, एक चौकट रिकामी नाही, माणूसभर हिरवं. "सगळं भरलेलं होतं," त्या म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःच्या आवाजातला तो आंबट शेवट ऐकू आला.

"पर क्या?"

"काय म्हणजे. पेन्सिलींना टोकं करायचे. ब्लेडनं."

सलोनीने कंपास पुन्हा उघडला आणि एक पेन्सिल वर धरली. टोक तसंच होतं, सुईसारखं, आतापर्यंत एकदाही न वापरलेलं. "ये वाली? इससे मैं लिखती नहीं हूँ. टूट जाएगी." तिने ती परत ठेवली, जपून, वरच्या खाचेत. मग लॅपटॉपकडे बोट दाखवलं. "तो लिखो न. खूँटी बनाओ."

पद्मजाबाईंनी नवी खुंटी केली. भय्यासाहेब. आत लिहिलं, पेन्सिली. पडद्यावर ते एवढंसं दिसत होतं.

"और?"

आणखी काय असणार, हे वाक्य त्यांच्या ओठांवर तयारच होतं, वर्षानुवर्षं तयार होतं, त्या माणसाची सगळी वाक्यं त्यांनी याच वाक्याने संपवली होती. त्यांनी तोंड उघडलं. आज फॅक्टरीत ना, तो म्हणायचा. आज फॅक्टरीत ना. पुढे काय होतं ते त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. बोटं कळांवर तशीच राहिली.

सलोनीने दप्तर पाठीला लावलं होतं, तरी ती निघाली नाही. बाकावर टेकून बसली, पाय हलवत, त्यांच्या तोंडाकडे पाहत.

"सोचो, मॅडम," ती म्हणाली. "जल्दी नहीं है."